मम्मीची घरची कवळी

डॉक्टरीणबाईंनी स्टीलची वाटी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "हे ओळखता का?"

वाटीत दोन दात होते. वरचे, पुढचे, शेजारशेजारचे, गुलाबी प्लास्टिकच्या तुकड्यावर बसवलेले. तुकड्याची एक कड खडबडीत होती, तिथून काहीतरी मोडलेलं. सगळ्यावर काळपट, चिकट थर. मी ते ओळखले. न ओळखायला काय झालं? एका दाताचा कोपरा उडालेला होता, आणि तो नाताळात अक्रोड फोडताना माझ्यादेखत उडाला होता.

"ही आमच्या मम्मीची घरची कवळी आहे," मी म्हणाले. "म्हणजे अर्धी. पण ती तर कुत्र्याने पळवली."

"कुत्र्याने?"

"शेजारच्या ड्यूकने. केव्हाच."

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वाटीकडे, मग परत माझ्याकडे. "ही आत्ता तुमच्या आईच्या उजव्या फुप्फुसातून निघाली," त्या म्हणाल्या. "दुर्बीण घालून ओढून काढली. दोनदा निसटली."

एझ्रा माझ्या कडेवर होता. चमकणारं काही दिसलं की त्याला ते हवंच असतं. त्याने वाटीत हात घालायला झेप घेतली आणि मी त्याचा हात इतक्या जोरात मागे ओढला की तो रडायला लागला. मला त्याला गप्प करायचंही सुचेना. ज्या दातांवरून आम्ही महिनोन्‌महिने हसलो होतो, ते सगळा वेळ तिच्या छातीत होते.

"आता तिला श्वास घेता येईल ना?"

"बघू. त्याच्या खालचा सगळा भाग बंद पडलाय, पू भरलाय. अडसर निघाला, पण तो भाग पुन्हा उघडेल की नाही, हे आज सांगता येत नाही. आणि ताप उतरायला हवा." त्या जायला निघाल्या, मग थांबल्या. "त्यांनी कधीच काही सांगितलं नाही? असं काही नरड्यात गेलं की माणसाला कळतं हो."

मी एझ्राला दुसऱ्या कडेवर घेतलं.

आमच्याकडे कवळ्या दोन असतात. एक घरची, एक चर्चची. मिचेल्स प्लेन वस्तीतल्या आमच्या गल्लीत हे कुणाला सांगावं लागत नाही. शाळा संपता संपता वरचे पुढचे चार दात काढून टाकायचे. दुखतात म्हणून नाही, चांगले, धडधाकट. मम्मीने काढले, तिच्या बहिणींनी काढले. मी काढले त्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली तोंडात कापूस धरून फिरत होत्या आणि एकमेकींना खिंडारं दाखवत होत्या. का काढायचे, असं विचारलं तर छान दिसतं म्हणून, आणखी काय? मग मिस्टर आरेंडसेंकडे जाऊन तोंडाचं माप द्यायचं. ते पांढऱ्या दातांची एक साधी कवळी करून देतात, ती घरची. आणि ऐपत झाली की दातांना सोन्याची नक्षी भरलेली दुसरी, लग्नाला, बारशाला, रविवारी चर्चला मिरवायची. घरात बसल्यावर दोन्ही पेल्यात. दिवसभर पायात बूट घालून कोणी बसतं का?

लिंबानी मलावीचा. आमच्यात तो आला तेव्हा त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मी पहिल्यांदा त्याला घरी आणलं तेव्हा दार मम्मीने उघडलं, स्वयंपाकघरातून शेजारच्या अँटी फ्रीडाच्या कुठल्यातरी चावट गोष्टीवर हसत हसत, कवळी न घालता. माझी मम्मी हसते तेव्हा सगळं तोंड उघडून हसते. लिंबानीने तिच्याकडे पाहिलं आणि चटकन मान खाली घातली. ती त्याने त्या दिवशी वर केलीच नाही. चहा प्यायला, केक खाल्ला, "हो अमायी, नाही अमायी" केलं (अमायी म्हणजे त्यांच्या भाषेत आई), सगळं फरशीकडे बघून.

तो गेल्यावर मम्मी म्हणाली, "हा असा का गं? माझ्या पायात काय साप आहे?"

"लाजतो गं."

"एवढा मोठा बाप्या?"

मग आमचं लग्न झालं. पहिल्याच सकाळी लिंबानी तहान लागली म्हणून उठला आणि खिडकीतला पेला उचलून त्याने तोंडाला लावला. त्यात माझे दात. तो जो ओरडला! अर्ध्या कपड्यांत जिन्यापर्यंत पळाला. मी ही गोष्ट मम्मीला आणि अँटी फ्रीडाला रंगवून सांगितली, त्याचा तो पळतानाचा अवतार करून दाखवला. अँटी फ्रीडा टेबलावर डोकं ठेवून हसल्या.

"मग? आता काय म्हणतो?" मम्मीने विचारलं.

"म्हणतो, तुम्हा लोकांना देवाने दिलेलं काही आवडतच नाही का?"

मम्मीही हसली. तोंडावर हात धरून हसली. हे मला त्या दिवशी, वाटीतले दात बघताना आठवलं. माझी मम्मी कधीच तोंडावर हात धरून हसत नाही.

एझ्रा झाल्यावर मम्मीने आम्हाला आतली खोली दिली आणि स्वतः बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायला लागली. घर केवढं, तर दोन खोल्या आणि मोरी. लिंबानी बेकरीत कामाला. उजाडायच्या आत तिच्या सोफ्यावरून जायचं, दुपारी गरम पाव घेऊन परत यायचं. तेव्हापासून मम्मी कवळी काढेनाशी झाली. सकाळी दात, दुपारी दात, झोपतानाही दात. मला वाटलं, आजी झाली, नटायची हौस आली. मी तिला चिडवलंही: "कुणासाठी गं, मम्मी? अंकल सॅमीसाठी?" अंकल सॅमी आमच्या चर्चच्या बँडमध्ये तुतारी वाजवतात आणि त्यांच्या तोंडात एकही दात नाही.

"गप बस," ती म्हणाली. बास, एवढंच.

माझी बाळंतपणाची रजा संपली. मी पुन्हा सुपरमार्केटच्या गल्ल्यावर जायला लागले आणि एझ्रा मम्मीकडे. त्या आठवड्यातली गोष्ट. मी संध्याकाळी घरी आले तर मम्मी स्वयंपाकघरात उभी राहून लोणी लावलेला जाड पाव बळेच गिळत होती. डोळे लाल, नाक लाल. चेहरा खूप खोकून खोकून सुजल्यासारखा. एझ्रा पाळण्यात.

"काय झालं?"

"ड्यूक!" ती म्हणाली. "तो मेला ड्यूक! जिन्याशी कवळी काढून जरा ठेवली आणि घेऊन पळाला."

"आणि रडतेस काय? आरेंडसे दुसरी करतील."

"रडत नाही. पाव अडकला."

ड्यूक अँटी फ्रीडाचा कुत्रा. म्हातारा, लठ्ठ, एका डोळ्याने अधू. अँटी फ्रीडाला हा आरोप फार लागला. त्या आमच्या दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मिनी, माझ्या ड्यूकला देवाने स्वतःचे दात दिलेत. तुझे नेऊन तो काय चर्चला जाणार आहे?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलं," मम्मी जमिनीकडे बघून म्हणाली.

"मग त्याच्या एका डोळ्यापेक्षा तुझे दोन अधू आहेत!"

गल्लीतली पोरं कितीतरी दिवस ड्यूकला धरून त्याचा जबडा उघडून बघत. अंगणातल्या वाळूत खणून झालं. कुणी त्याला 'मिस्टर आरेंडसे' म्हणायचं. आम्ही सगळे पोट धरून हसायचो. मम्मी तेवढी हसत नसे. ती रोज सोन्याची कवळी घालायला लागली, घरातसुद्धा, आणि झोपतानाही. मी म्हटलं, "मम्मी, झोपेत तरी काढ, सोनं झिजेल."

खोकला सुरू झाला तो नेमका केव्हा, मला सांगता येणार नाही. आधी कोरडा. मग ओला. मग तिच्या छातीत एक शिट्टी वाजायला लागली. बारीक, एकाच सुरातली. श्वास बाहेर सोडला की वाजायची. एझ्राला ती फार आवडायची. तो तिच्या छातीला कान लावायचा, आणि शिट्टी वाजली की ओठांचा चंबू करून तसाच आवाज काढायचा प्रयत्न करायचा. सगळीकडे थुंकी. मम्मी म्हणायची, "बघ, आजीची किटली तापली."

दवाखान्यात दमा म्हणाले, पंप दिला. पंपाने शिट्टी थांबेना. मग ताप आला, छातीचा फोटो काढला. फोटोत उजवीकडे खाली एक पांढरा ढग. न्यूमोनियाची औषधं झाली, ढग थोडा विरला, परत आला. थुंकी तपासली, टीबी नाही म्हणाले. मी ते ऐकलं, पण माझा विश्वास बसला नाही. आमच्या गल्लीत असा खोकला म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. एझ्रा रांगायला लागला होता. मी एके दिवशी मम्मीच्या हातातून त्याला घेतलं आणि म्हटलं, "तुझा खोकला जाईपर्यंत नको, मम्मी."

तिने विरोध केला नाही. "बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाली आणि रिकामे हात ॲप्रनला पुसत राहिली. मी एझ्राला कामावर जाताना अँटी फ्रीडाकडे सोडायला लागले. तो घरी असला की मम्मी सोफ्यावर, दोन खोल्यांमधल्या पडद्याच्या अलीकडे बसून त्याला गाणी म्हणायची. पण एक ओळही पुरी व्हायची नाही. मध्येच श्वास संपायचा. पलीकडून एझ्रा उरलेल्या ओळीची वाट बघत पडद्याकडे टक लावून बसायचा.

दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं होतं, घरात धूर आहे का, मांजर आहे का, पीठ आहे का. पीठ! लिंबानी रोज पीठ अंगावर घेऊनच घरी येतो. त्याच्या भुवयांतसुद्धा पीठ असतं. ते त्याने मनाला फार लावून घेतलं. तो जिन्याखाली नळाशी कपडे काढायला लागला, तिथेच अंग धुवायला लागला. वर यायचा तेव्हा दात वाजत असायचे. आमच्याकडचा हिवाळी पाऊस आडवा येतो, छत्री काही कामाची नाही.

मम्मी खिडकीतून बघायची. "त्याला वर बोलव गं. मरेल गारठून. पिठाने नाही होत मला."

"तुला काय माहीत?"

मला तेव्हा तिचा रागच यायचा, की हा माणूस तुझ्यासाठी एवढं करतो आणि तू त्याच्याशी दोन शब्द धड बोलत नाहीस. तो आला की ओठ घट्ट मिटून बसतेस.

शेवटी एका रविवारी लिंबानी मला म्हणाला, "मी बेकरी सोडतो. दे डूर्न्सला द्राक्षांच्या मळ्यात काम मिळतंय."

"दे डूर्न्स? मग घरी कधी येणार?"

"महिन्याने. अमायींच्या घरात राहून अमायींचाच श्वास घ्यायचा, हे बरोबर नाही, लेव्होना. मला झोप लागत नाही."

आम्ही आतल्या खोलीत बोलत होतो, पण मध्ये नुसता पडदा. थोड्या वेळाने तो एझ्राला घेऊन खाली गेला. मम्मी आत आली. दाराची चौकट धरून उभी राहिली.

"लेव्होना, तो नको जायला. मला तुला एक सांगायचंय. ते पीठ नाही. ते..."

आणि तिला खोकल्याची ढास लागली. ती थांबेना. तिने ॲप्रन तोंडाला लावला आणि काढला तेव्हा त्यावर रक्त होतं. तिचे ओठ पिकल्या जांभळासारखे झाले. मी किंचाळले. अँटी फ्रीडांच्या भाच्याची व्हॅन, मागे गाद्यांवर मम्मी, माझ्या मांडीवर तिचं डोकं, आणि ती शिट्टी... ती शिट्टीही बंद झाली होती, नुसता फाटक्या भात्यासारखा आवाज. ती बोटाने छातीच्या उजव्या बाजूला टोचून टोचून मला काहीतरी दाखवत होती. मी तिचा हात धरून म्हणत होते, "बोलू नकोस, मम्मी. बोलू नकोस."

आणि आता, दुसऱ्या दिवशी, ही वाटी.

संध्याकाळी तिला वॉर्डात आणलं. नाकात नळी. सोन्याची कवळी काढून माझ्या पर्समध्ये. तोंड बसल्यासारखं, लहान. अँटी फ्रीडांनी एझ्राला घेतलं आणि त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. मी पलंगाच्या कडेला टेकले आणि काही न बोलता तिच्या पुढ्यात ती वाटी ठेवली. डॉक्टरीणबाईंनी ठेवू दिली होती.

मम्मीने एक डोळा उघडून बघितलं. मग दोन्ही मिटून घेतले.

"मला वाटलं, पोटात गेली," ती म्हणाली. आवाज खरवडून काढल्यासारखा. "सोफ्यावर डुलकी लागली होती. एझ्रा छातीवर झोपलेला. ठसका लागून जाग आली तर अर्धी मांडीवर पडलेली आणि अर्धी नाही. आधीच तडा गेलेला तिला, मीच चिकटवली होती. श्वासच लागेना. पोरगं पडेल म्हणून एका हाताने त्याला धरलं आणि खोकत राहिले, खोकत राहिले. मग एकदम बरं वाटलं. म्हटलं, गेली खाली. पाव खाल्ला, बटाटे खाल्ले. म्हटलं, सकाळी येईल बाहेर."

"आणि नाही आली तेव्हा?"

"म्हटलं, मला दिसली नसेल."

"मम्मी! इतके महिने? खोकताना, रक्त पडताना? मी एझ्राला तुझ्यापासून तोडला! लिंबानी पावसात अंघोळ करत होता!"

"तू विचारलं असतंस ना," ती म्हणाली, "की मम्मी, झोपताना कवळी कशाला घातली होतीस?"

"मग? कशाला घातली होतीस?"

तेवढ्यात वॉर्डाच्या दारात लिंबानी आला. बेकरीतून तसाच आलेला, पांढरा. दारातच थबकला, मग स्वतःचं अंग झटकायला परत बाहेर गेला, मग आत आला. आणि मान खाली घालून पलंगांच्या रांगेतून चालायला लागला. आमचा पलंग तिसरा. तो आमच्यासमोरून सरळ पुढे गेला. प्रत्येक पलंगाशी किंचित थांबे, खाली बघे, पुढे जाई. शेवटच्या पलंगाशी एक म्हातारी झोपली होती, त्याने तिथे हात जोडल्यासारखे केले आणि उभा राहिला.

मम्मी हे बघत होती. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर गेलं.

"बघ," ती म्हणाली. "मरायला टेकले तरी त्याला माझ्याकडे बघवत नाही. पहिल्या दिवशी दारात माझं तोंड बघितलं आणि किळस आली त्याला. तुझ्या दातांना बघून तर पळाला. म्हटलं, आता एका छपराखाली राहायचंय. पहाटे माझ्या उशाजवळून जातो, दुपारी येतो. माझं उघडं तोंड त्याच्या दृष्टीस पडायला नको. त्याला घर नकोसं व्हायला नको."

मला काही क्षण समजलंच नाही की ती काय बोलतेय. मग समजलं. मी उठून जवळजवळ ओरडले, "लिंबानी! इकडे! तिकडे कुणापाशी उभा आहेस?"

तो दचकून वळला, घाईने आला, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. मान खाली. "निळ्या चपला शोधत होतो," तो म्हणाला. "अमायींच्या. पांढरं लोकरीचं फूल असलेल्या. तिथल्या पलंगाखाली तशाच दिसल्या."

"चपला? त्या घरीच राहिल्या! तू चपला कशाला शोधतोस? तोंड नाही का ओळखू येत तुला?"

त्याने पिठाचे हात पाठीमागे धरले.

"लिंबानी, वर बघ. एकदा बघ तिच्याकडे. तिला वाटतं, तुला तिची किळस येते."

त्याने मान वर केली, पण माझ्याकडे. मी माझ्या नवऱ्याचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. कुणीतरी त्याच्यावर न केलेल्या खुनाचा आळ घ्यावा तसा. "किळस?" तो म्हणाला. "मला?"

"मग बघत का नाहीस?"

"त्या तुझ्या आई आहेत!" तो म्हणाला, जणू मी त्याला भर रस्त्यात कपडे काढायला सांगितलं होतं. "माझ्या सासूबाई. सासूच्या तोंडाकडे कोण बघतं? माझा बाप पंचवीस वर्षं माझ्या आजीच्या, म्हणजे त्याच्या सासूच्या, अंगणात राबला, त्याने एकदा तरी बघितलं असेल का? बघितलं असतं तर आजीने त्याला घरातून हाकललं असतं."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"यात सांगायचं काय? आपण मान देतो ते काय बोलून दाखवतो?" मग तो पुन्हा खाली बघून, पण मम्मीशी, हळूच म्हणाला, "अमायी, पहिल्या दिवशी दार तुम्ही उघडाल असं मला वाटलं नव्हतं, म्हणून चुकून नजर गेली. लगेच काढली. तेव्हा तुम्ही हसत होता, एवढं आठवतं. त्यानंतर मी बघितलेलंच नाही. तुम्हाला चार दात आहेत की चाळीस, मला खरंच माहीत नाही."

मम्मी छताकडे बघत होती. तिचं ते रिकामं, मोकळं तोंड उघडंच राहिलं होतं.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी कुणासाठी..."

पुढचं तिला बोलता आलं नाही. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. मग कळलं की ती हसतेय, सगळं तोंड उघडून, आवाज न येता. आणि हसता हसता तिला खोकला सुटला, असा की मी घाबरून नर्सला हाका मारल्या. नर्स पातेलं घेऊन धावली. "खोका, मावशी, खोका, येऊ दे सगळं बाहेर," म्हणत तिने मम्मीला पुढे वाकवलं. आणि लिंबानीने, खाली बघत, चाचपडत, मम्मीच्या पाठीला हाताचा आधार दिला. आमच्या लग्नापासून त्याने तिला पहिल्यांदा स्पर्श केला होता.

अँटी फ्रीडांना सगळं कळल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवले. मग म्हणाल्या, "आणि माझा ड्यूक?"

"चुकलं गं, फ्रीडा," मम्मी म्हणाली.

"माझ्याशी नको बोलू. त्याच्याशी बोल." मग थोड्या वेळाने: "तू चर्चची गिळली असतीस तर बरं झालं असतं, मिनी. डॉक्टरीण म्हणते, सोनं असतं तर पहिल्याच फोटोत चमकलं असतं. साधं प्लास्टिक दिसत नाही म्हणे. पण तू पहिल्यापासून कंजूष."

ताप लगेच उतरला नाही. मधले काही दिवस मी मुद्दाम आठवत नाही. एकदा तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो भाग कापून काढावा लागेल. पण मग ढग हळूहळू विरला. पूर्ण नाही. खाली एक कोपरा कायमचा गेला, जिना चढताना मम्मीला मध्ये थांबावं लागतं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरून सांगितलं, "फॅशन तुमची, मला काही म्हणायचं नाही. पण डोळे मिटण्याआधी दात पेल्यात. दुपारी पाच मिनिटं आडवं झालात तरी. शपथ घ्या."

तो पेला लिंबानी ठेवतो. आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. मम्मी घरी आली त्याच दिवशी जेवणं झाल्यावर त्याने पेल्यात स्वच्छ पाणी भरलं, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी तो सोफ्याजवळच्या स्टुलावर ठेवला. नजर तिच्या निळ्या चपलांवर. "अमायी," म्हणाला आणि उठला. मम्मी पेल्याकडे बघत राहिली. मग तिने कवळी काढून त्यात टाकली, आणि तो आत जायच्या आधीच काढली. तो मळ्यावर गेला नाही. कपडे आता घरातच बदलतो. खाली गेला की मम्मी खिडकीतून ओरडते.

ड्यूकला दर रविवारी मटणाचं हाड जातं.

परवा मी दुपारी लवकर घरी आले. जिन्यातून वर येताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. दार ढकललं. घर शांत होतं. इतकं शांत की मोरीतला नळ ठिबकतो तो ऐकू आला. आणि मग मला कळलं की काय ऐकू येत नाही. शिट्टी. मम्मी सोफ्यावर उताणी, तोंड उघडं, एझ्रा तिच्या छातीवर पालथा, आणि शिट्टी नाही. काहीच नाही.

माझ्या हातातली पिशवी पडली. शिट्टी गेलीय हे मला माहीत होतं, रोज मीच सगळ्यांना सांगत होते, पण त्या क्षणी काही आठवलं नाही. मी जाऊन तिच्या तोंडापुढे तळहात धरला. थोडा वेळ काहीच लागलं नाही. मग लागलं. ऊबदार, सरळ, वरच्या त्या चार दातांच्या मोकळ्या जागेतून येणारं. गेलं. परत आलं.

तिने एक डोळा उघडला. "काय गं?"

"काही नाही."

"चालू आहे," ती म्हणाली. "जा, चहा ठेव. आणि हळू. हा आत्ता झोपलाय, दात येतायत त्याला, रडला खूप."

मी वाकून बघितलं. एझ्राचंही तोंड उघडं होतं, लाळ तिच्या ब्लाउजवर. वरच्या हिरडीत पुढेच, मधोमध, तांदळाच्या कणीएवढे दोन पांढरे ठिपके. मी तिथे बोट लावलं. टोचलं.

"छान आलेत," मम्मी डोळे मिटूनच म्हणाली. "राहू देत याचे."